शाळा किती लांब?

(ताम्हिणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमाला ही मुळात शहरातली गोष्ट. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुण्याचं हे वारं घाटमाथ्यावर पोचायला उशीर झाला खरा, पण तुम्ही त्यात एक सुधारणा केलीत. पुण्यातली माला उन्हाळ्यात भरते, तुमची भात झोडून कणगीत पडल्यावर. वर्षाची बेगमी झाली की माणूस व्याख्यानंसुद्धा जास्त सोशिकपणे ऐकतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण विंझाई देवीच्या दारात जमलो आहोत, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार तुमचा. त्यांच्या हातच्या छड्या तुम्ही खाल्ल्यात, मी नाही. मी त्यांच्या पेशाविषयी बोलणार आहे. विषय दिलाय ‘देशोदेशींच्या शिक्षणाचा इतिहास’. म्हणजे चार हजार वर्षं आणि वेळ तासाभराचा. तेव्हा मी एकच प्रश्न घेऊन त्या चार हजार वर्षांतून फिरून येणार आहे. मूल एका ठिकाणी आणि शाळा दुसऱ्या ठिकाणी असेल, तर मधलं अंतर कोणी कापायचं, मुलानं की शाळेनं?

ताम्हिणीत हा प्रश्न कुणाला समजावून सांगायला नको. इथं गाव म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत. एक वाडी सोंडेवर, दुसरी ओढ्यापलीकडे, धनगराचं घर त्याहून वर आणि कातकऱ्यांची वस्ती कुठंतरी कडेला. त्यात पाऊस. जुलै २०२४ मध्ये तुमच्या या घाटात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात साधारण साडेसातशे पडतो. असल्या दिवशी सहा वर्षांच्या पोरानं दप्तर घेऊन ओढा ओलांडायचा की नाही, हे ठरवायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही.

आता जरा लांबून सुरुवात करू. आजच्या इराकमध्ये निप्पुर नावाचं प्राचीन शहर होतं. तिथं इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातलं एक साधं घर उत्खननात सापडलं. त्यात मातीच्या पाट्यांचे चौदाशेच्या आसपास तुकडे होते. ती शाळा होती, लेखनिक तयार करणारी. काही पाट्यांवर एका बाजूला मास्तरांचं वळणदार अक्षर आहे आणि शेजारी तोच मजकूर विद्यार्थ्यानं कसाबसा उतरवलेला आहे. पुसून पुन्हा लिहिताना ओली माती दाबून दाबून पातळ झालेली दिसते. आपण ज्याला कित्ता गिरवणं म्हणतो, ते हेच. त्याच काळातली एक सुमेरी रचना शाळकरी पोराविषयी आहे. उशीर झाला म्हणून मार, बोलला म्हणून मार, अक्षर वाईट म्हणून मार. शेवटी मुलगा बापाला सांगतो, गुरुजींना घरी बोलवा. बाप बोलावतो, जेवू घालतो, नवं वस्त्र देतो आणि गुरुजींचं मत एकदम बदलतं. हे ऐकून मागच्या रांगेत जे हसले, त्यांनी आपापल्या काळी काय काय पोचवलं, ते मी विचारत नाही.

निप्पुरच्या त्या शाळेला अंतराचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण नांगर धरणाऱ्याचं पोर तिथं येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. जगातल्या बहुतेक शाळा पुढची साडेतीन हजार वर्षं अशाच होत्या. देवळासाठी पुजारी हवेत, दरबारासाठी कारकून हवेत, पेढीसाठी हिशेबनीस हवेत, तेवढ्यापुरती शाळा. चीनची राजपरीक्षा इतकी शतकं चालली आणि १९०५ साली बंद झाली. तीही अधिकारी निवडण्यासाठी होती, गाव शिकवण्यासाठी नव्हे.

आपल्याकडची पंतोजींची शाळाही थोडीफार त्याच जातीची. कुणाच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत भरायची. धुळपाटीवर बोटानं अक्षरं, मग बोरू आणि मोडी, आणि उजळणी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजच्या अभियंत्याला साडेतीनचा पाढा विचारा, तो खिशातला मोबाईल काढील. पंतोजींना पगार असा नसे. घरटी थोडं धान्य, सणावाराला शिधा, थोडेबहुत पैसे. इमारत नाही, घंटा नाही, इयत्ता नाही. प्रत्येक पोर आपापल्या गतीनं पुढे जायचं आणि पुढचं पोर मागच्याला शिकवायचं.

या शेवटच्या गोष्टीचा एक प्रवास मला तुम्हाला सांगायचा आहे, कारण तो शाळेत सांगत नाहीत. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासला एग्मोर इथं शिपायांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. एकदा घोड्यावरून जाताना त्याला एक देशी शाळा दिसली. पोरं जमिनीवर वाळू पसरून त्यात बोटानं अक्षरं काढत होती. बेलला ते इतकं पटलं की परत येऊन त्यानं आपल्या मास्तरांना तसंच करायला सांगितलं. मास्तरांनी ते काही मनावर घेतलं नाही. तेव्हा बेलनं जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला बोलावलं आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या हवाली केला. फ्रिस्किननं तो चालवून दाखवला. बेलनं १७९७ साली लंडनमध्ये याची हकिगत छापली. १७९८ साली जोसेफ लँकेस्टरनं लंडनमध्ये गरिबांच्या मुलांची शाळा काढली आणि तशीच पद्धत उचलली. एक मास्तर, शेकडो मुलं, आणि मधे शिकवणारी मोठी मुलं, म्हणजे मॉनिटर. इंग्लंडच्या गरीब वस्त्यांतली हजारो पोरं वाळूच्या पाटीवर अक्षरं शिकली.

आणि गंमत अशी की, तीच पद्धत विलायती शिक्का मारून मुंबईला परत आली. १८२२ मध्ये मुंबईत देशी शाळा आणि शाळापुस्तकांसाठी संस्था निघाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचं काम पाहू लागला आणि तिच्या शाळांत लँकेस्टरची पद्धत ‘सुधारलेली’ म्हणून सुरू झाली. पंतोजींची ती अडाणी पद्धत आणि साहेबाची ती शास्त्रीय! मराठी क्रमिक पुस्तकं मात्र त्या संस्थेनं खरोखर दिली, हे तिचं ऋण मान्य केलं पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांसारखा माणूस याच वर्तुळात घडला.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे शाळा किती होत्या, यावर फार मोठं भांडण झालेलं आहे. गांधीजी ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनला बोलताना म्हणाले की, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आजचा हिंदुस्थान जास्त निरक्षर आहे. सर फिलिप हारटॉग यांनी पुरावा मागितला आणि तो वाद कित्येक वर्षं चालला. धरमपाल यांनी १९८३ मध्ये मद्रास इलाख्यातल्या शाळांच्या १८२० च्या दशकातल्या पाहण्या छापून गांधीजींची बाजू उचलून धरली. मुंबई इलाख्याच्या तशाच पाहण्या आपल्या रा. वि. परुळेकरांनी दप्तरातून शोधून १९५१ मध्ये प्रसिद्ध केल्या, पण त्यांचं नाव आता शिक्षकांनाही ठाऊक नसतं. माझं मत विचाराल, तर दोन्ही बाजूंनी शाळा मोजल्या, पण पोरं कुणाची, हे कमी मोजलं. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन यानं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये अहवाल लिहिला. शहरांत सगळीकडे आणि बऱ्याच खेड्यांत शाळा आहेत, असं तो सांगतो. आणि लगेच असंही सांगतो की, वाचता येतं ते ब्राह्मणांना, वाण्यांना आणि हिशेबाशी संबंध येणाऱ्या कुणब्यांना. म्हणजे ओवरी गावातच होती, चार पावलांवर. पण ती चार पावलं प्रत्येकाला चालता येत नव्हती.

अंतर नुसतं मैलात मोजायचं नसतं, ते इथं लक्षात येतं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. ती बुधवार पेठेत, भर वस्तीत. तिथवर रोज चालत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली. १८५६ मध्ये धारवाडला, जो तेव्हा मुंबई इलाख्यात होता, एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारी शाळा, सरकारी पैसा. तरी नाकारला गेला, कारण इतर पालक मुलं काढून घेतील अशी भीती. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. शाळेच्या आतसुद्धा अंतर असतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन गुरुजन मंडळींनी जरूर वाचावं. तक्रार तर त्यात आहेच, शिवाय अख्खी योजना आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळाच नाही, हेही त्यांनी सांगितलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. मग ते बारीकसारीक गोष्टींकडे वळतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगर किंवा वाकस हातात धरायला न लाजणारा. पगार महिना बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. मोडी, बालबोध आणि हिशेब यांबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवावी. याच माणसानं १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, कारण दिवसा राबणाऱ्याला शाळा कितीही जवळ असली तरी लांबच असते.

आता सक्तीच्या कायद्यांकडे येऊ. प्रशियाच्या राजानं १७६३ मध्येच खेड्यातल्या मुलांवर पाच ते तेरा वर्षांपर्यंत शाळेची सक्ती केली होती. शिकवायला माणसं मिळेनात, तेव्हा शिंपी आणि युद्धात जखमी होऊन घरी बसलेले शिपाई मास्तर झाले. जपाननं १८७२ साली कायदा करून सहाशे लोकसंख्येमागे एक, अशा त्रेपन्न हजार सातशे साठ प्राथमिक शाळांचा बेत आखला. बेत थोर, पण खर्च गावावर टाकला आणि वर फीही लावली. १८७३ मध्ये जपानी शेतकऱ्यांनी दंगे केले, त्यांत लष्करभरतीविरुद्धच्या रागाबरोबर शाळाही जाळल्या गेल्या. शिक्षणाला विरोध करणारा गावकरी म्हणजे अडाणी, हे आपण फार लवकर ठरवतो. घरातले कामाचे दोन हात जातात आणि वर पैसेही भरायचे, याला विरोध करण्यात शहाणपण नसतं असं नाही.

इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यात एक कलम होतं. हजेरीची सक्ती केली, तरी घरापासून सगळ्यांत जवळच्या रस्त्यानं मोजून तीन मैलांच्या आत शाळा नसेल, तर पालकाला ती सबब पुरे. तीन मैल म्हणजे जवळपास पाच किलोमीटर. कायद्यानं अंतराला आकडा दिला, तो असा.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात नेला. ते पाहून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. फार जपून मांडलं होतं. मुलगे फक्त, वय सहा ते दहा, तेही जिथं स्थानिक संस्था तयार असेल तिथं. त्यात गोखल्यांनी अंतर धरलं एक मैल. एका मैलात शाळा नसेल तर सक्ती नाही. इंग्लंडच्या तिनाचा एक केला, कारण त्यांनी आपल्या वाटा पाहिल्या होत्या. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडलं. पाडणाऱ्यांत सरकारी सदस्य होते, तसे आपलेच जमीनदारही होते, ज्यांना शेतावरची पोरं हवी होती. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं आणि मोफत शिक्षण आणलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. विधेयकांवर भाषणं होत होती, तोवर एका छोट्या संस्थानानं काम उरकलं.

आता नॉर्वे. तुम्हाला वाटेल, ताम्हिणीत बसून नॉर्वेचं काय? पण सगळ्या जगात तुमच्या सगळ्यांत जवळचा शेजारी, या बाबतीत, मला तोच वाटतो. डोंगर, दऱ्या, खाड्या, आणि एकेकटी घरं. गाव असं नाहीच. हिवाळ्यात बर्फ, जसा तुमच्याकडे पाऊस. तिथल्या राजानं १७३६ मध्ये हुकूम काढला की, प्रत्येकानं धर्मदीक्षेची परीक्षा दिलीच पाहिजे आणि त्यासाठी वाचता आलं पाहिजे. दीक्षा नसेल तर लग्नसुद्धा अडायचं. म्हणजे वाचायला शिकणं भाग. मग १७३९ मध्ये शाळांचा कायदा केला. पण शाळा बांधायची कुठं? आठ घरं एका दरीत, पाच दुसऱ्या.

त्यांनी शाळा बांधलीच नाही. मास्तर फिरता ठेवला. पाठीवर पुस्तकं टाकून तो एका शेतघरी यायचा, आजूबाजूच्या घरांतली पोरं तिथं जमायची, तिथंच त्याचं जेवणखाण आणि निजणं. ठरलेले दिवस शिकवून झाले की पुढच्या शेतघरी. ज्या घरात शाळा, त्या घराच्या स्वयंपाकाच्या धुरात पोरं बाराखडी घोकणार. असं शंभर वर्षांहून जास्त चाललं. १८६० मध्ये कायमच्या शाळांचा कायदा झाला, तोवर खेड्यातली बहुसंख्य मुलं या फिरत्या शाळेतच शिकत होती. या पद्धतीचं मी गुणगान करत नाही. मास्तरला मिळायचं फार थोडं, शाळा वर्षातून काही आठवडेच व्हायची, आणि शिकायचं काय तर मुख्यतः धर्मपुस्तक. लिहायला अनेकांना येतच नसे. पण वाचता यायचं, बहुतेक सगळ्यांना, वरच्या कड्यावरच्या घरालाही. शेजारच्या स्वीडनमध्ये तर पाद्री घरोघर जाऊन आईबाप मुलांना वाचायला शिकवतात की नाही, याची परीक्षा घेत असे. तिथं १८४२ ला गावोगाव शाळांचा कायदा झाला तेव्हा देश बहुतेक वाचता झालेला होता.

गरीब, डोंगराळ, विखुरलेल्या देशानं अंतराचा प्रश्न सोडवला तो मास्तरला चालायला लावून. पोराला नव्हे.

आणि हे परदेशातच झालं, असं समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी पोरं गुरांमागे जायची, म्हणून कुरणात शाळा भरवली. तिला नाव कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली पाढे म्हणतायत, एखादी गाय लांब गेली की एक जण उठून वळवून आणतो आणि परत बसतो. नंतर सरकारनं देशभर अंगणवाड्या काढल्या, पण कुरणशाळा कुणी उचलली नाही. एकीला इमारत आणि कपाट देता येतं, दुसरीला काय द्यायचं, हे कोणत्या रकान्यात भरायचं?

पुढं वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या पोरांसाठी ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा निघाल्या, ऊसतोडणीवरच्या पोरांसाठी साखरशाळा. तुमच्या भागातले कातकरी दिवाळीनंतर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात, त्यांना हा प्रश्न माहीत आहे. हजेरीपटावर नाव इथं, पोर तिकडे. असं काम आपल्या पुणे जिल्ह्यातही झालं. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेनं १९७९ पासून खेड्यांतून संध्याकाळचे वर्ग चालवले, दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या पोरांसाठी, विशेषतः मुलींसाठी. गावातलाच तरुण शिकवायचा. परीक्षेऐवजी चार गावांची पोरं एकत्र करून बालजत्रा भरवायची आणि त्यातच कोण काय शिकलं, ते पाहायचं. हे नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, दिल्लीत बसून देशाच्या शिक्षणाचं धोरण लिहिलेला माणूस. शेवटी रात्रीच्या कंदिलाकडे आला.

२००० च्या सुमारास महाराष्ट्र सरकारनं वस्तीशाळा काढल्या. वाडीतलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी, सुरुवातीला महिना हजार रुपये मानधन. एवढ्या पैशांत शाळा चालते, हे सरकारला कळलं, आणि एवढ्या पैशांत घर चालत नाही, हे त्या शिक्षकांना कळलं. नियमित नेमणुकीसाठी ते वर्षानुवर्षं झगडले आणि त्यांना ती मिळाली २०१४ मध्ये. तरीही मी म्हणेन, महाराष्ट्राच्या डोंगरात शाळा सगळ्यांत जवळ आली ती या योजनेनं.

दुसरा एक मार्ग आहे, तोही नाव घेऊन सांगतो. अंतर कापण्याऐवजी मूलच उचलून शाळेत ठेवायचं, म्हणजे आश्रमशाळा. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित मिळून अशा हजारावर शाळा आहेत. त्यांतून शिकून कितीतरी जण पुढे आले, हे खरं. पण सहा वर्षांच्या पोराला घरापासून तोडणं ही शेवटची तोड आहे, पहिली नव्हे. कॅनडानं मूळ रहिवाशांच्या पोरांना निवासी शाळांत कोंडून त्यांची भाषा मोडली. २०१५ मध्ये त्यांच्याच चौकशी आयोगानं त्याला सांस्कृतिक वंशहत्या म्हटलं. आपल्या आश्रमशाळांचा हेतू तसा नाही. पण घर आणि भाषा दोन्ही तुटली की काय होतं, हे पाहायला ते उदाहरण समोर असावं.

अंतर तोडणं अवघड असतं, असं सरकार म्हणतं तेव्हा मला याच खोऱ्याचा इतिहास आठवतो. मुळशीच्या धरणासाठी बावन्न गावांवर वरवंटा फिरला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते. लढा हरला, धरण झालं. १९२७ मध्ये हे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं आणि त्याची वीज तिथून मुंबईला पोचली. मुंबई म्हणजे शंभरएक किलोमीटर. मनात असलं की तारा एवढं अंतर तोडतात.

आता आजचं. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ काढायचा विचार पुढे आला. त्यासाठी नमुने दाखवले ते नंदुरबारचं तोरणमाळ आणि तुमच्या शेजारच्या वेल्ह्यातलं पानशेत. लहान शाळा बंद, एक मोठी सुसज्ज शाळा, आणि मुलांना गाडी.

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, हे मी आधी सांगतो. चार पोरं आणि एक मास्तर. तो मास्तर निवडणुकीच्या कामावर गेला की शाळा बंद. पोराला आपल्या वयाचा एकही सोबती नाही. अशा शाळेला नुसती जवळ आहे म्हणून चांगली म्हणता येत नाही. अमेरिकेनं हेच केलं. १९३० च्या सुमारास तिथं एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या आसपास होत्या, १९६० मध्ये वीस हजार उरल्या. पण त्यांनी आधी रस्ते केले, मग गाड्या आणल्या, मग शाळा बंद केल्या. आपल्याकडे क्रम उलटा लागायची भीती आहे. मुलींसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे, ही चांगली गोष्ट. फक्त त्यासाठी एसटी यावी लागते.

आणि लहान शाळा वाईटच असते, हेही खरं नाही. कोलंबियानं १९७० च्या दशकात डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांसाठी पद्धत बसवली. एकाच खोलीत पाच इयत्ता, प्रत्येक मुलाच्या हातात स्वतः शिकायची पुस्तिका, आणि मोठं पोर लहानाला शिकवतं. हजारो शाळांत ती गेली आणि तिच्यावर जगभर लेख आले. त्यात जॉन फ्रिस्किन दिसतो मला, आणि त्याच्याही आधीची ती ओवरी.

तर शेवटी आकड्यावर येतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यानुसार प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत हवी, वरच्या प्राथमिकची तीन किलोमीटरच्या आत. इंग्लंडचे तीन मैल, गोखल्यांचा एक मैल आणि आता एक किलोमीटर. आकडा उतरत आला, हे कौतुकाचं आहे. पण हा किलोमीटर मोजतो कोण आणि कुठून? कार्यालयात नकाशावर पट्टी ठेवली की ओढा दिसत नाही, चढ दिसत नाही, जुलै दिसत नाही. इंग्रजांच्या कायद्यात निदान ‘जवळच्या रस्त्यानं’ मोजायचं लिहिलं होतं.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभाग पालकच असतात, ही कायद्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करा. प्रत्येक वाडीपासून शाळेपर्यंतची वाट, पोरं जिथून खरोखर जातात ती, पायी मोजा. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत, घड्याळ लावून, सहा वर्षांच्या पोराला बरोबर घेऊन. ओढा किती दिवस ओलांडता येत नाही, ते लिहा. दिवाळीनंतर किती पोरं भट्टीवर जातात आणि कधी परततात, तेही लिहा. ते सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा, आणि त्याची प्रत पौडला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घेऊन. उद्या कुणी तुमची शाळा बंद करायला आलं, किंवा चांगली करायला आलं, तर चर्चा त्या कागदावरून सुरू व्हायला हवी.